संत्रा कलमांवरची लेबले टिकाऊ हवीत

महोदय,

मृगाचा पाऊस झाला की काटोल, नरखेड, कळमेश्वर भागात संत्रा लागवडीची लगबग सुरू होते आणि रोपवाटिकांतून गाड्या भरभरून कलमे बागांत येतात. संत्र्याचा डोळा (फांदीवरची कळी) जंबेरीवर भरला आहे की रंगपूर लाइमवर, म्हणजे या लिंबूवर्गीय झाडांपैकी कोणते खुंट म्हणून मुळाकडच्या भागासाठी वापरले आहे, हे कलम वाढल्यावर नुसत्या नजरेने ओळखणे कठीण असते. फळधारणेला पाच-सहा वर्षे लागतात आणि तोवर खुंट, मातृवृक्ष (ज्या झाडाचा डोळा घेतला ते) व डोळा भरल्याची तारीख यांची झाडाजवळ असलेली नोंद म्हणजे केवळ ते लेबल. तेच पहिल्या वर्षात कोरे झाले, तर पुढे झाडे वाळू लागल्यावर दोष खुंटाचा, जमिनीचा की पाण्याचा, याचा माग लागत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो आणि पाठोपाठ चार महिन्यांचा पावसाळा येतो. लॅमिनेशन केलेल्या कागदाच्या कडा सुटून आत पाणी शिरते, बिलासाठी वापरतात तो थर्मल कागद उष्णतेने काळवंडतो आणि मार्करची शाई उन्हाने उडते. त्यापेक्षा खरबरीत प्लास्टिक पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहिलेले कितीतरी अधिक टिकते, कारण पेन्सिलीतील ग्राफाइट हा कार्बनच असल्याने उन्हाने फिका पडत नाही. मात्र पट्टी अतिनील किरणांना दाद न देणारी हवी, अन्यथा ती ठिसूळ होऊन तुटते. छापील लेबल हवे असल्यास छपाई रेझिन रिबनची (छपाई यंत्रातील रेझिनयुक्त शाईच्या फितीची) करून घ्यावी, मेणाच्या रिबनची अक्षरे घासली की पुसतात.

मऊ अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बॉलपेनने दाबून लिहिल्यास शाई गेली तरी अक्षरांचा ठसा राहतो, आणि एरवी मी हाच पर्याय सुचवला असता. परंतु डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) रोखण्यासाठी आपण संत्र्याच्या खोडाला मोरचूद व चुन्याचे बोर्डो मलम लावतो व त्यातील मोरचूद अॅल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही खातो. बोर्डो लोखंडी भांड्यात करू नये असे सांगतात ते यामुळेच. म्हणून धातूची पट्टी खोडाला न बांधता, जिथे मलम पोहोचत नाही अशा बाजूच्या फांदीला सैल अडकवावी. घट्ट बांधलेली तार वाढत्या सालीत रुतते आणि पानांकडून मुळांकडे जाणारे अन्न अडवते. हे नुकसान झाड सुकेपर्यंत लक्षात येत नाही, म्हणून दरवर्षी छाटणीच्या वेळी तारेचा फास तपासून सैल करणे आवश्यक आहे.

कृषी विभागाने आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने रोपवाटिकाधारकांना मार्गदर्शन करताना लेबलावर काय लिहावे यासोबतच ते कशाचे असावे आणि कुठे बांधावे, हेही स्पष्ट करावे, अशी विनंती आहे. त्याचा खर्च कलमाच्या किमतीत धरला तरी बागायतदारांची हरकत नसेल.

– एक संत्रा बागायतदार, नागपूर