मिनोच्या वाटेवरच्या आजोबांना

ओसाकात चार दिवस नुसते फोटो काढत हिंडलो. दोतोनबोरीचे दिवे कालव्याच्या पाण्यात झकास उतरले, पण जीव रमला तो शहराच्या उत्तरेला, मिनोच्या ३३ मीटर उंच धबधब्यापाशी. नेमका तिथेच ट्रायपॉडचा स्क्रू ढिला झाला. शेजारच्या आजोबांनी काही न बोलता दहा येनचं नाणं काढलं, खाचेत घालून स्क्रू घट्ट पिळला आणि नाणं माझ्याच हातावर ठेवलं. ते अजून बॅगेत आहे.

मेपलच्या पानांची भजी चाखायला देणाऱ्या मावशी (ओव्याच्या पानांसारखी असतील वाटलं, निघाली गोड!), विसरलेलं लेन्सचं झाकण घेऊन मागे धावत आलेला स्टेशनवरचा मुलगा... नावं विचारायची राहिलीच. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.