७२ टक्क्यांवर थांबलेली पट्टी

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी तुमच्याकडून निघताना बाबा दार लावता लावता म्हणाले, "माझ्या घोळापायी तुझा अख्खा दिवस गेला." ते वाक्य घरी पोचेपर्यंत डोक्यातून गेलं नाही. फोनवर हे सगळं धड सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, घोळ तुम्ही घातलेला नाही. तुम्ही रीतसर पैसे भरून अँटिव्हायरस घेतला, कंपनीच्या साइटवरूनच डाउनलोड केला आणि इन्स्टॉल करायला बसलात. पट्टी ७२ टक्क्यांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तेव्हा तुम्ही मला फोन केला होतात. मी मीटिंगमध्ये होते. "पैसे भरलेत ना, मग त्यांच्या सपोर्टलाच विचारा," असं म्हणून मी फोन ठेवला. पुढचे चार दिवस तुम्ही त्यांना विचारत बसलात आणि मला पुन्हा फोन केला नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

खरी हकिगत मला आईच्या वहीतून कळली. आई, तू प्रत्येक फोनची वेळ, तक्रार क्रमांक आणि समोरचा काय म्हणाला ते लिहून ठेवलंस. पहिल्या फोनला ४० मिनिटं होल्डवर ठेवून मग सांगितलं, सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे आणि ते बसवून द्यायचे वेगळे. बाबांनी तेही भरले. दुसऱ्या फोनला नवा माणूस. त्याने पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं, स्क्रीन ताब्यात घेतली, टाकलेलं काढलं, परत टाकलं. पट्टी ७२ वर. "उद्या आमचे सीनियर फोन करतील." तो फोन आलाच नाही. तिसऱ्याने तेच केलं, फक्त मध्ये लॅपटॉप दोनदा बंद-चालू करायला लावला. चौथ्याने स्क्रीनवर लाल खुणांची एक यादी उघडली आणि म्हणाला, लॅपटॉपमध्ये आधीच भरपूर व्हायरस आहेत. साफसफाईचा वर्षाचा प्लॅन घ्या, नाहीतर सगळं पुसून फॉरमॅट करावं लागेल. त्याखाली तू लिहिलंयस, "ह्यांना रात्रभर झोप नाही. फोटो जातील म्हणतात."

ते वाचल्यावर मी वही मिटून ठेवली आणि थोडा वेळ काही बोलले नाही. तुम्हाला वाटलं मी चिडले. चिडलेच होते, पण तुमच्यावर नाही.

आता अडलं कुठे होतं ते सांगते. लॅपटॉप घेतला तेव्हा त्यात दुसऱ्या एका कंपनीचा अँटिव्हायरस काही दिवसांच्या ट्रायलवर आलेला होता. मुदत संपल्यावर बाबांनी तो सेटिंग्जमध्ये जाऊन काढून टाकला, आणि ते बरोबरच होतं. पण अँटिव्हायरस इतर प्रोग्रॅमसारखा वरवर बसत नाही. तो विंडोजच्या गाभ्यात आपला ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला आतून जोडलेला एक छोटा प्रोग्रॅम, बसवतो, कारण प्रत्येक फाइल उघडण्याआधी त्याला ती तपासायची असते. साध्या अनइन्स्टॉलने कधीकधी हा ड्रायव्हर मागे राहून जातो. असे दोन पहारेकरी एकाच दारावर उभे राहिले, तर एकच फाइल दोघेही अडवतात, लॅपटॉप रेंगाळतो, कधी गोठूनच जातो. म्हणून नवं सॉफ्टवेअर बसण्याआधी जुन्याची खूण शोधतं. ती सापडली तर स्पष्ट शब्दांत सांगायला हवं की आधी ते काढा. यांचं सॉफ्टवेअर काहीच न सांगता नुसतं थांबत होतं.

म्हणजे अगदीच काही सांगत नव्हतं असंही नाही. इन्स्टॉल होताना ते प्रत्येक पायरीची नोंद एका लॉग फाइलमध्ये करत असतं. रविवारी मी आधी तीच उघडली. शेवटच्या ओळींत जुन्या कंपनीच्या ड्रायव्हरचं नाव पुन्हा पुन्हा आलेलं होतं. पहिल्या दिवसापासून ते तिथे होतं. तुमच्याकडून पैसे घेतलेल्यांपैकी एकानेही ती फाइल उघडली नाही. मला राग याचा आहे. माणसाला एखादी गोष्ट माहीत नसणं मी समजू शकते. पण ज्या कामाचे पैसे घेतले त्यात बघायची पहिली जागा न बघता, तीच क्रिया पुन्हा पुन्हा करून शेवटी "तुमचाच लॅपटॉप खराब आहे" म्हणायचं, याला मदत म्हणत नाहीत.

उपाय साधा होता आणि फुकट होता. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरचे अवशेष साफ करणारं एक छोटं रिमूव्हल टूल स्वतःच्याच साइटवर ठेवतात. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं आणि तिथून सेफ मोडमध्ये गेलो, हे बाबांनी पाहिलं. तिथे विंडोज गरजेपुरतंच चालू होतं, त्यामुळे एरवी चिकटून बसणारा ड्रायव्हर निघू शकतो. टूल चालवलं, पुन्हा सुरू केलं, नवं इन्स्टॉल केलं. ७२ आलं तेव्हा बाबांनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मग ७३ आलं. सगळं मिळून २५ मिनिटं लागली.

नंतर जी फाइल बनवली आणि अँटिव्हायरसने लगेच पकडली, तिच्यात खरा व्हायरस नव्हता, हे आईला पुन्हा सांगते. ती आयकार या अँटिव्हायरसवर काम करणाऱ्या संस्थेची चाचणी फाइल, ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर. अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे पाहण्यासाठीच ती तयार केलेली आहे. तिच्यामुळे कशालाही धक्का लागलेला नाही.

आता ती लाल यादी. तिचं नाव इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज त्यात बारीकसारीक अडचणींचीही नोंद करत राहतं, एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी. धडधाकट लॅपटॉपमध्येही तिथे लाल-पिवळ्या खुणा असतात; माझ्या लॅपटॉपमध्ये शेकड्यांनी आहेत, पुढच्या वेळी दाखवते. फोनवरून लुबाडणारे भामटे हीच यादी दाखवून लोकांना घाबरवतात. आणि इथे तुम्ही पैसे भरलेल्या कंपनीच्याच माणसाने ती दाखवली. मग साध्या माणसाने खरा सपोर्ट कोणता आणि भामटा कोणता हे ओळखायचं कशावरून? बाबा, तुम्ही घाबरलात यात कमीपणा काही नाही. फोटो तर कुठेही गेलेले नाहीत, आणि आता त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा मुद्दाम बोलले नाही, तुम्ही दमला होतात. स्क्रीन ताब्यात घेण्यासाठी त्यांनी टाकलेलं सॉफ्टवेअर काम झाल्यावर काढलंच नव्हतं. लॅपटॉप चालू झाला की तेही आपोआप चालू होत होतं आणि त्याला कायमचा पासवर्ड देऊन ठेवलेला होता, म्हणजे तुम्ही परवानगी दिली नाही तरी आत येता आलं असतं. कोणी आलं होतं असं मला कुठे दिसलं नाही. ते मी काढून टाकलंय. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड आपण त्या दिवशी बदलले ते यासाठीच.

बाबांनी विचारलं होतं, वर्ष संपल्यावर पुन्हा घ्यायचा का? माझं मत, नको. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये स्वतःचा अँटिव्हायरस असतोच, डिफेंडर. दुसरा बसवला की तो बाजूला होतो आणि दुसरा नीट काढला की पुन्हा कामाला लागतो. तुमच्या वापराला तो पुरेसा आहे, फक्त अपडेट आलं की थांबवू नका. आपोआप पैसे कापून नूतनीकरण होणार होतं, तेही मी बंद केलंय.

परताव्याची मागणी काल पाठवली. आईच्या वहीतल्या चारही नोंदी वेळेसकट आणि तक्रार क्रमांकासकट जशाच्या तशा टाकल्या आहेत, सोबत लॉगमधल्या त्या ओळी. अजून उत्तर नाही. त्यांचा फोन आला तर काही कबूल करू नका, लेखी कळवा एवढंच सांगा आणि मला फोन करा. मीटिंग असली तरी मी उचलीन.

आणि आई, ती पानं फाडू नकोस. त्यांनी पुरावा मागितला तर मूळ वहीचे फोटो लागतील.

तुमची,
लेक