छत्री अजून माझ्याकडेच आहे

वर्षभर लोकांना पक्षी दाखवत हिंडलो, पण मला ते दाखवणारे वेगळेच. नावं घेतली तर रागावतील, म्हणून नुसतेच आभार.

आधी ठाणे खाडीतले नाखवादादा. मी भरतीचं कोष्टक मोबाईलवर बघतो, ते चिखलाकडे बघतात. जानेवारीत रोहित (फ्लेमिंगो) बघायला माझ्या हिशेबाने होडी सहाला काढायची होती. "जरा थांब, पाणी चढू दे. रोहित आपसूक काठाला सरकतात," म्हणाले. तसंच झालं. चोच उलटी धरून पाण्यातलं शेवाळ गाळणारे छोटे रोहित इतके जवळ आले, की पाहुण्यांनी दुर्बिणी खाली ठेवल्या. (माझी त्याआधीच चिखलात पडली होती, तीही दादांनीच काढून दिली.)

कर्नाळ्याजवळ चहा देणाऱ्या मावशी. जूनमध्ये तिबोटी खंड्या आल्याची पहिली खबर त्यांचीच. घरट्याची जागा मात्र त्यांनी सांगितली नाही. मी दोनदा विचारलं, तेव्हा चहाच पुढे केला. बरोबरच होतं त्यांचं.

शिवाय पहाटेच्या लोकलमध्ये माझ्या ट्रायपॉडसाठी टोपल्या सरकवणारे भाजीवाले, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भर पावसात आपली छत्री देऊन स्वतः भिजत गेलेले वनरक्षक. साहेब, रविवारी नक्की आणून देतो.