डोमेनबाहेरच्या संगणकांसाठी केलेल्या असुरक्षित प्रिंटर-जोडणीबाबत तक्रार

सोलापूर
दिनांक : १९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : डोमेनबाहेरच्या संगणकांवरून सामायिक प्रिंटर वारंवार बंद पडणे, तसेच त्यासाठी आपल्या अभियंत्याने केलेली असुरक्षित जोडणी तातडीने काढून टाकण्याबाबत.

महोदय,

अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील आमच्या टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात सर्व्हर, डोमेन (कार्यालयातील संगणक व वापरकर्ते यांची सर्व्हरवरची एकत्रित नोंदणी) आणि सामायिक प्रिंटर यांची व्यवस्था आपल्या कंपनीने उभी केली आहे आणि तिच्या देखभालीचा वार्षिक करारही आपल्याशीच आहे. काम सुरू होण्यापूर्वी आपल्या माणसांनी तयार केलेल्या यादीत डिस्पॅच विभागाचे लॅपटॉप, डिझाइन करून देणाऱ्यांचे स्वतःचे लॅपटॉप आणि लेखापरीक्षकांचे लॅपटॉप हे डोमेनबाहेर राहतील, तरी त्यांवरून छपाई झाली पाहिजे, अशी नोंद आहे. त्या यादीवर आपल्या अभियंत्याची सहीही आहे.

डोमेनमधील संगणकांबद्दल आमची काहीही तक्रार नाही. कर्मचाऱ्याने लॉगिन केले की त्याच्या विभागाचा प्रिंटर आपोआप दिसतो आणि काम होते. अडचण आहे ती उरलेल्या संगणकांची, आणि नेमकी तीच आम्हाला सर्वात महागात पडते. मालाच्या गाठी ट्रकमध्ये चढल्यानंतर बीजकाची मूळ प्रत ग्राहकासाठी, दुसरी वाहतूकदारासाठी व तिसरी आमच्यासाठी, अशा तीन प्रती काढाव्या लागतात. परराज्यात जाणारा माल पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा असल्यास ई-वे बिलही (मालवाहतुकीचे ऑनलाइन नोंदपत्र) सोबत द्यावे लागते. हे कागद हाती पडल्याशिवाय चालक गाडी गेटबाहेर काढत नाही, आणि ट्रक खोळंबला की त्याचे भाडे आमच्या माथी बसते.

आता मूळ मुद्दा. डोमेनबाहेरच्या संगणकावरील वापरकर्त्याला सर्व्हर ओळखत नाही, त्यामुळे सर्व्हरवरील प्रिंटर जोडताना डोमेनमधील एखादे नाव व पासवर्ड मागितला जातो. येथे आपल्या अभियंत्याने आमच्या खातेविभाग प्रमुखांचे नाव आणि पासवर्ड सर्व बाहेरच्या लॅपटॉपवर कायमचा साठवून ठेवला. याची आम्हाला ना लेखी कल्पना दिली गेली, ना तोंडी. डोमेनमध्ये पासवर्डची मुदत मुळातच ४२ दिवसांची असते आणि आपण ती तशीच ठेवली आहे. मुदत संपल्यावर खातेप्रमुखांनी पासवर्ड बदलला, तेव्हा डिस्पॅचची छपाई थांबली. एवढ्यावर न थांबता ते लॅपटॉप जुनाच पासवर्ड सर्व्हरकडे पाठवत राहिले आणि आपणच लावलेल्या नियमानुसार खातेप्रमुखांचे खाते कुलूपबंद झाले. डिस्पॅचमध्ये कुणी छपाईचे बटण दाबले की खातेविभागातले काम ठप्प, असा प्रकार पुन्हा पुन्हा घडला आणि दरवेळी आपल्या मदत केंद्राने खाते उघडून देण्यापलीकडे काहीही केले नाही.

याहून गंभीर बाब नंतर उघडकीस आली. साठवलेला पासवर्ड केवळ प्रिंटरपुरता चालत नाही. त्याच लॅपटॉपवरून सर्व्हरचे नाव टाकले असता कामगारांच्या पगाराचे फोल्डर कोणतीही विचारणा न होता उघडले. पाणी मागायला आलेल्याच्या हाती तिजोरीची किल्ली द्यावी, तसे हे झाले. शिवाय सर्व्हरवरील छपाईच्या नोंदीत ही सगळी कामे खातेप्रमुखांच्याच नावावर पडली असल्याने कोणी काय छापले, हे आज कोणालाही सांगता येणार नाही.

आपल्या अभियंत्याने दोन सुरक्षा तरतुदीही शिथिल केल्या आहेत. ऑगस्ट २०२१ च्या विंडोज अद्यतनापासून सर्व्हरवरून प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकावरून प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) बसवण्यासाठी प्रशासकाचे अधिकार आवश्यक असतात. त्याआधी उघड झालेल्या 'प्रिंटनाइटमेअर' या विंडोजच्या छपाई सेवेतील सुरक्षा त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने ही अट घातली. ती अट लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) बंद केलेली आढळली. तसेच सामायिक प्रिंटर जोडताना येणारी '११बी' ही चूक टाळण्यासाठी सर्व्हरवर छपाईच्या संवादाची जी सुरक्षितता सक्तीची असायला हवी, तीही रजिस्ट्रीतून काढून टाकलेली आहे. चूक दाखवणारा संदेश दिसेनासा झाला, म्हणून काम पूर्ण झाले असे आपल्या सेवापत्रकात लिहिलेले आहे. आम्ही ते मान्य करत नाही.

यावर आपल्याकडून असे उत्तर आले की हे लॅपटॉप विंडोजच्या होम आवृत्तीचे असल्याने डोमेनमध्ये येऊ शकत नाहीत, तेव्हा आम्ही प्रो आवृत्ती विकत घ्यावी. होम आवृत्ती डोमेनमध्ये येत नाही हे खरेच आहे, परंतु ही गोष्ट यादी करताना आपल्याला ठाऊक होती. आणि लेखापरीक्षकांनी त्यांच्या फर्मचा लॅपटॉप केवळ चार पाने छापण्यासाठी आमच्या डोमेनमध्ये का आणावा? ते आणणार नाहीत आणि आम्हीही तसे सुचवणार नाही.

या कामाला सर्व्हरची गरजच नाही. तिन्ही प्रिंटरना स्वतःचे नेटवर्क कार्ड आहे. लॅपटॉपवर त्या मॉडेलचा ड्रायव्हर एकदा बसवून ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून थेट प्रिंटरच्या आयपी पत्त्यावर (नेटवर्कवरील पत्त्यावर) काम पाठवता येते, आणि पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी आयपीपीचा (नेटवर्कवरून छपाई करण्याच्या प्रमाणित पद्धतीचा), म्हणजे ६३१ क्रमांकाच्या पोर्टचा मार्ग आहे. त्यासाठी डोमेनमधील कोणाचाही पासवर्ड लागत नाही. मात्र प्रिंटरचे पत्ते डीएचसीपीमध्ये (नेटवर्कवरील यंत्रांना आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेत) राखून ठेवावे लागतील, कारण सध्या वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि प्रिंटर 'ऑफलाइन' दिसू लागतो. थेट छपाईची नोंद सर्व्हरवर राहणार नाही, हा आपला आक्षेप योग्य आहे. परंतु रंगीत प्रिंटरमध्ये विभागवार कोडची सोय आहे आणि उरलेल्या दोन प्रिंटरवर आम्हाला तशा नोंदीची आवश्यकता नाही.

म्हणून आमची मागणी अशी की सर्व बाहेरच्या लॅपटॉपवर साठवलेला पासवर्ड पुसून टाकावा, रजिस्ट्रीतील दोन्ही बदल पूर्ववत करावेत, वर सांगितल्याप्रमाणे थेट जोडणी करून द्यावी आणि पाहुण्यांच्या वायफायवरून फक्त प्रिंटरच दिसतील, सर्व्हर दिसणार नाही, अशी व्यवस्था करावी. केलेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद आम्हाला मिळावी. हे काम करारातील मूळ कामाचाच भाग असल्याने त्याचे वेगळे शुल्क दिले जाणार नाही.

सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीमुळे अभियंता पाठवता आला नाही, असे मागील फोनवर सांगण्यात आले. यात्रेच्या दिवसांत शहरातून वाट काढणे किती कठीण असते हे आम्ही सोलापूरकर जाणतो, पण आमची पहिली तक्रार दिवाळीपूर्वीची आहे. खातेप्रमुखांचा पासवर्ड आम्ही आजच बदलला असून डिस्पॅचची छपाई तूर्त यूएसबी केबलने जोडलेल्या एका प्रिंटरवर चालू ठेवली आहे. या महिनाअखेरपर्यंत काम पूर्ण न झाल्यास देखभाल कराराचा पुढील हप्ता रोखून धरण्यात येईल. अभियंता येण्याच्या आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे बाहेरचे सर्व लॅपटॉप एकत्र उपलब्ध ठेवता येतील.

कळावे,

आपला विश्वासू,
कार्यालय व्यवस्थापक

सोबत : साहित्य-यादीची व सेवापत्रकाची छायाप्रत, रजिस्ट्रीतील बदलांची स्क्रीनचित्रे.