यूबीएम (डोळ्याच्या पुढच्या भागाची सूक्ष्म सोनोग्राफी) करणाऱ्या मॅडमना आभाराचे पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

काचबिंदू विभागातून तुमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर एवढंच असतं: ‘शस्त्रक्रियेनंतर पुढचा कप्पा उथळ, दाब जास्त, यूबीएम करा.’ पुढचा कप्पा म्हणजे पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांच्यामधली जागा. चिठ्ठीच्या त्या एका ओळीत तीन-चार निदानं दडलेली असतात आणि उपचार एकमेकांशी जुळत नाहीत. बाहुलीपाशी पाणी अडलं असेल तर लेसरने आयरिसला छिद्र पाडायचं. पाणी मागे व्हिट्रिअसकडे (भिंगामागच्या जेलकडे) वळत असेल, म्हणजे मॅलिग्नंट ग्लॉकोमा, तर अ‍ॅट्रोपिन. तिथे सवयीने बाहुली आकसणारं पिलोकार्पिन घातलं की कप्पा आणखी बसतो. कोरॉइडबाहेर (डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या थराबाहेर) रक्त साचलं असेल तर बी-स्कॅनच, म्हणजे डोळ्याच्या मागच्या भागाची सोनोग्राफी, लागतो. त्यात पारपटल सुजलेलं असलं की स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) धड काहीच दिसत नाही.

अशा वेळी तुमच्या चित्रांवर आमची सगळी भिस्त असते. ५० मेगाहर्ट्झचा प्रोब जेमतेम ४-५ मिलिमीटर खोल बघतो, पण आयरिसच्या मागे बघतो. ओसीटी, म्हणजे प्रकाशाने घेतलेला स्कॅन, तिच्या रंगद्रव्यापाशीच अडतो. बाहुली अडली असेल तर आयरिस फुगून पुढे येते, मधोमध मात्र कप्प्याला खोली उरते. मॅलिग्नंटमध्ये मधला भागही उथळ, भिंग पुढे सरकलेलं आणि सिलिअरी प्रोसेसेस (आयरिसमागच्या, डोळ्यातलं पाणी बनवणाऱ्या घड्या) पुढे वळलेल्या. एक चांगला छेद (यूबीएमवरचं आडव्या कापाचं चित्र) असला की वाद मिटतो.

तो चांगला छेद आपोआप मिळत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. प्रोब लिंबसला (पारपटल आणि पांढऱ्या भागाच्या सीमेला) काटकोनात हवा. तिरका झाला की मापं चुकतात. डोळ्यावर लावलेल्या, द्रव भरलेल्या कपात एक बुडबुडा राहिला तरी मागे सावली पडते. हात जरा दाबला गेला तर आयरिस आणि पारपटलामधला बंद कोन उघडा दिसू शकतो, मऊ डोळ्यात तर हमखास. तुम्ही चार दिशांवर न थांबता घड्याळाच्या १२ आकड्यांवर छेद घेता, म्हणून स्क्लेरा (डोळ्याचा पांढरा थर) आणि सिलिअरी बॉडीमधली (आयरिसमागच्या स्नायूच्या कड्यामधली) ती बारीक काळी फट सापडते. साचलेल्या द्रवाची ही फट बी-स्कॅनवर सहज निसटते, आणि ती दिसली की लेसरची घाई न करता बहुधा अ‍ॅट्रोपिन आणि स्टेरॉइडकडे वळावं लागतं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दाब अधूनमधून उसळणाऱ्या रुग्णांचंही तेच. कृत्रिम लेन्सचा हॅप्टिक (तिला धरून ठेवणारा पाय) भिंगाच्या पिशवीबाहेर पडून आयरिसला मागून घासतोय, हे गोनिओस्कोपीत (आरशाच्या काचेने कोन बघण्याच्या तपासणीत) दिसत नाही. तुम्ही छेद हॅप्टिकच्या रेषेत फिरवता तेव्हा तो चकाकता ठिपका नेमका कुठे टेकलाय ते कळतं.

आणि जखम झिरपत असेल तर कप लावायला तुम्ही सरळ नकार देता, आधी सायडल टेस्टचा (जखम झिरपते का ते रंगाने बघण्याच्या तपासणीचा) निकाल मागता. त्या नकाराबद्दलही आभार. आमच्यातले काही जण तेव्हा कुरकुरतात, तिकडे लक्ष देऊ नका.

एकच विनंती: प्रत्येक छेदावर घड्याळाचा आकडा टाकायची तुमची सवय नव्या तंत्रज्ञांनाही लावा. आकडा नसलेल्या चित्रावरून पुढची तपासणी ताडून बघता येत नाही.

आपले,
काचबिंदू विभागातील डॉक्टर