काळ्या शाईतले रक्त

महोदय,

जपानी चित्रकथांचा, म्हणजे मांगाचा, विषय निघाला की त्यांतल्या व्हॅम्पायरकथांना भडक आणि रडव्या म्हणून बाजूला सारले जाते. मात्सुरी हिनो यांची 'व्हॅम्पायर नाइट' ही 19 खंडांची मालिका मी नुकतीच दुसऱ्यांदा वाचून संपवली. जिला लोक भडकपणा म्हणतात ती भावनांची उधळणच मला या मालिकेत सर्वाधिक आवडली, म्हणून हे पत्र.

'लाला' या मासिकातून 2004 ते 2013 या काळात ही कथा क्रमशः प्रसिद्ध झाली. एका निवासी शाळेच्या दिवसाच्या वर्गात माणसांची मुले शिकतात, रात्रीच्या वर्गात व्हॅम्पायर, आणि दोन्ही वर्गांमधली सीमा राखण्याचे काम मुख्याध्यापकांची मानलेली मुलगी युकी व झीरो नावाचा मुलगा यांच्याकडे आहे. झीरोच्या आईवडिलांचा जीव एका शुद्धरक्ताच्या व्हॅम्पायर स्त्रीने घेतला, आणि तिच्याच दंशामुळे, ज्यांचा त्याला मनस्वी तिटकारा आहे, त्यांच्यातलाच एक तो स्वतः हळूहळू होत चालला आहे. इतर व्हॅम्पायर पाण्यात रक्तगोळ्या विरघळवून तहान भागवतात. झीरोच्या शरीराला त्या गोळ्या सोसत नाहीत. तेव्हा युकी आपली मान त्याच्यापुढे करते.

हा प्रसंग मोजूनमापून, संयत शब्दांत सांगितला असता तर खोटा वाटला असता, असे माझे मत आहे. ज्याला जगवायचे त्यालाच आपले रक्त पाजायचे, आणि ते पिणाऱ्याला प्रत्येक घोटासरशी स्वतःची अधिकच किळस यावी, ही अवस्था साध्या संवादात मावणारी नाही. हिनो ती चित्रांत मांडतात. चौकटींच्या रेषा विरून जातात, चेहरे एकमेकांवर येतात, मनातले शब्द संवादाच्या फुग्याबाहेर मोकळे तरंगू लागतात, आणि कधी अख्ख्या पानावर एक डोळा आणि चारदोन केसांच्या बटा एवढेच उरते. मांगा बहुतांशी कृष्णधवल छापला जातो, त्यामुळे इथले रक्त काळे असते. त्याला लाल रंग वाचक आपल्या मनातून देतो. युकीची पहिली आठवण बर्फातल्या रात्रीची आहे, तिच्यावर झालेल्या हल्ल्याची आणि तिला वाचवणाऱ्या कानामे या व्हॅम्पायरची. कोऱ्या पानावर पडलेला तो काळा डाग मला कोणत्याही रंगीत चित्रापेक्षा अधिक जिवंत वाटतो.

मधल्या काही खंडांत व्हॅम्पायरांच्या शिकाऱ्यांची संघटना आणि ज्येष्ठ व्हॅम्पायरांची सभा यांच्या डावपेचांनी कथा अडखळते, हेही नमूद करायला हवे. मात्र युकीच्या जन्माचे रहस्य उलगडल्यावर (ते इथे सांगून नव्या वाचकांचा विरस करणार नाही) मागचे सगळे प्रसंग वेगळ्याच अर्थाने समोर येतात, आणि त्यामुळेच मला पुन्हा पहिल्या खंडापासून वाचावेसे वाटले.

ही परंपराही आजकालची नाही. मोतो हागिओ यांनी 1972 मध्ये सुरू केलेल्या 'पो नो इचिझोकु' या मांगात कायम चौदा वर्षांचाच राहिलेला एडगर हा व्हॅम्पायर आहे, आणि हागिओ यांना 1976 मध्ये शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला. आपल्या पुस्तक-परीक्षणाच्या पानावर कादंबऱ्यांच्या बरोबरीने अशा एखाद्या मालिकेला जागा मिळावी आणि तिच्या कथानकाइतकाच तिच्या चित्रांचाही विचार व्हावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक