चाचणी एकाची, उघडी पडते सारी भावकी

महोदय,

लाळेची नळी पाठवून पूर्वज शोधण्याच्या चाचण्यांबाबत ‘ज्याची माहिती, त्याचा निर्णय’ असे सर्रास म्हटले जाते. डीएनएला हे लागू होत नाही. अमेरिकी पोलिसांच्या गुन्हेगार-नोंदीत डीएनएवरील मुख्य 20 जागा तपासतात. या चाचण्यांत काही लाख. त्यामुळे खापरपणजोबा एकच असलेली दोन माणसेही बहुधा जुळतात. कॅलिफोर्नियातील ‘गोल्डन स्टेट किलर’ हा मालिका खुनी 2018 मध्ये पकडला गेला तो दूरच्या नातलगांच्या नोंदींवरूनच. तो पकडला गेला हे उत्तमच झाले.

पण अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील एका जुन्या खुनाच्या तपासात पोलिसांनी न्यायालयाचा आदेश आणून वंशावळीच्या संग्रहातून एक नाव मिळवले. डीएनएवरील 35 पैकी 34 खुणा जुळत होत्या. नमुना वडिलांनी संशोधनासाठी दिलेला, चौकशी मात्र मुलाची झाली. पुढे त्याचा स्वतःचा डीएनए जुळला नाही आणि तो सुटला. गुन्हा त्याने केला नव्हता आणि चाचणीला संमतीही दिली नव्हती.

‘पोलिसांना दाखवू नका’ या सेटिंगवर विसंबण्यात अर्थ नाही. डीएनए डेटा चढवून नातलग शोधायच्या जेडमॅच या संकेतस्थळाने ती सोय 2019 मध्ये दिली. त्याच वर्षी फ्लोरिडातील न्यायाधीशाने पोलिसांना तिथला अख्खा संग्रह तपासायला परवानगी दिली. 2020 मध्ये हॅकरांनी सर्वांच्या परवानग्या बदलल्या आणि काही तास सगळ्या नोंदी पोलिसांच्या शोधाला खुल्या झाल्या. म्हणून कायदाच हवा. अमेरिकेच्या मेरीलँड राज्याने 2021 मध्ये तो केला: फक्त ठरावीक गंभीर गुन्हे, आधी पोलिसांच्या गुन्हेगार-नोंदीत शोध आणि न्यायाधीशाची परवानगी. इतरांनीही किमान एवढे करावे.

चाचणी करून बसलेल्यांनी क्रम पाळावा. आधी मूळ डेटा उतरवून घ्या, संशोधनाची संमती मागे घ्या, साठवलेला नमुना नष्ट करायला लेखी सांगा, आणि मगच खाते बंद करा. खाते आधी बंद केले, तर पुढची मागणी कोणत्या नोंदीवर करणार? तोच डेटा दुसऱ्या संकेतस्थळावर चढवला असेल तर तिथून वेगळा काढावा लागतो. बहुतेकांचे नेमके हेच राहते. सख्ख्या भावंडांनाही कळवा, कारण त्यांची नोंद शिल्लक असेल तर तुमच्यापर्यंत पोहोचायला तेवढी पुरते.

– एक वाचक